चिमुकल्या हातांना काम
(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण)



या वर्षी दर महिन्याला एका सभासदाने आपल्या माहितीच्या विषयावर बोलायचं असं ठरलं आहे. आतापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची बाग झाली. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असेल, हे आता मुदतठेवी आणि पंधरा-एच फॉर्म काढणार. पण बँक सोडून मला पंधरा वर्षं झाली. गेल्या दीड वर्षापासून माझी ड्यूटी निराळी आहे. मुलगा-सून साडेआठला बाहेर पडतात, संध्याकाळी सातला येतात. मधल्या वेळात सव्वादोन वर्षांची नात आमच्या ताब्यात. सौभाग्यवतींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर या खात्याचा पूर्ण चार्ज माझ्याकडे आला. त्यामुळे आजचा विषय आहे, एक ते तीन वर्षांच्या मुलांबरोबर घरात करायची चित्रकला आणि हस्तकला.

हा विषय माझ्या एकट्याच्या घरचा नाही. आपल्या सोसायटीत चौसष्ट फ्लॅट. मी मोजून पाहिलं, तीन वर्षांच्या आतली मुलं आहेत अकरा. त्यांतल्या नऊ घरांत दिवसभर आजी-आजोबाच आहेत. म्हणजे आज समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक माझे सहकारीच म्हणायला हरकत नाही.

वस्तू नको, उद्योग हवा

हस्तकला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते शाळेतलं प्रदर्शन. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, लोकरीचा ससा, आणि खाली नाव, इयत्ता, तुकडी. दोन वर्षांच्या मुलाला यातलं काहीही करता येत नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही. त्याला कागद फाडायचा असतो, पीठ दाबायचं असतो... म्हणजे ते दाबण्यातच त्याचा आनंद असतो. तयार झालेली वस्तू पाच मिनिटांत तो पायाखाली घेतो. आपण मात्र ती फ्रिजवर लावायला धडपडतो. तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करायची, की शेवटी काय तयार झालं याचा हिशेब ठेवायचा नाही. हाताने काय केलं एवढंच बघायचं.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी शंभर वर्षांपूर्वी या कामाचा पाया घातला. गिजुभाईंनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई त्यांच्याबरोबर काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई डहाणूजवळ बोर्डीला आल्या, त्यानंतर कोसबाडला. तिथे त्यांना अनुताई वाघांची साथ मिळाली. मॉन्टेसरीची साधनं महाग, आदिवासी पाड्यावर ती कुठून आणणार? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आलेला आहे. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे, की लहान मुलांच्या हाताला काम द्यायला ऑनलाइन मागवलेली खेळण्यांची पेटी लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरात आणि सोसायटीच्या बागेत सगळं आहे.

हात कसा तयार होतो

मुलाच्या हाताला वळण लागतं ते खांद्याकडून बोटांकडे. आधी खांद्यापासून अख्खा हात हलतो, मग कोपर, मग मनगट, आणि सर्वांत शेवटी बोटं. म्हणून दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं, रवी धरावी तसं. त्याला पेन्सिल ‘नीट धर’ म्हणून काही उपयोग नसतो. बोटं अजून तयारच नसतात. साधारण दीड वर्षाच्या सुमारास मूल रेघोट्या ओढू लागतं. दोन-अडीच वर्षांचं झालं की आपण उभी रेघ मारली तर तशी मारून बघतं. तीनच्या आसपास, आपण काढून दाखवला की गोल काढतं. चारपाच महिने इकडे-तिकडे होतात, त्याची काळजी नको.

रोडा केलॉग नावाच्या अमेरिकन बाईंनी लहान मुलांची लाखो चित्रं गोळा करून अभ्यास केला. त्यांनी रेघोट्यांचे वीस मूळ प्रकार सांगितले. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, गोल गोल गुंता वगैरे. म्हणजे आपण ज्याला ‘गिरगटून ठेवलंय’ म्हणतो ती पुढच्या अक्षरांची बाराखडीच असते. माझ्या नातीच्या रेघोट्यांवर मी मागे तारीख घालून ठेवतो. जुनी सवय. पण सहा महिन्यांचे कागद एकापुढे एक मांडले की फरक पासबुकासारखा स्वच्छ दिसतो.

यावरून व्यवहाराच्या दोन गोष्टी. कागद मोठा हवा, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम. तो जमिनीवर चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीने बसवायचा. आणि खडू जाड, आखूड हवेत. लांब खडू मोडतो आणि मग रडारड होते. दुसरं म्हणजे, मूल डाव्या हाताने करत असेल तर करू द्यावं. खडू काढून उजव्या हातात देऊ नये.

काय काय करता येतं

आता प्रत्यक्ष कामाला येतो. मी घरी करून पाहिलेलंच सांगतो.

पहिलं, पाण्याचं चित्र. रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश आणि तळाशी थोडं पाणी असलेला डबा. बाल्कनीची फरशी किंवा कठडा रंगवायला द्यायचा. ओली रेघ दिसते, उन्हाने वाळते, की पुन्हा रंगवायचं. खर्च शून्य, डाग शून्य. चालायला लागलेल्या मुलापासून कुणालाही चालतं. पाणी डब्याच्या तळाशीच ठेवा, आणि बादली भरून मुलाजवळ कधीही ठेवू नका.

दुसरं, कागद फाडणं. मोठ्यांना हे नासधूस वाटतं. पण दोन हातांनी दोन विरुद्ध दिशांना ओढणं ही लहान मुलाला अवघड गोष्ट आहे. पुढे कात्री धरायची तयारी त्यातूनच होते. आधी आपण कडेला छोटी चीर द्यायची. तुकडे टोपलीत भरायचे, मग चिकटवायचे.

चिकटवायला बाजारचा डिंक नको, खळ करावी. चमचाभर मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, वाटीभर उकळत्या पाण्यात घालून दाट होईपर्यंत ढवळायचा. गार झाली की झाली खळ. पूर्वी कीड लागू नये म्हणून बाइंडर लोक खळीत मोरचूद घालायचे. मोरचूद विषारी, घरी मुलांसाठी बिलकुल घालू नका. रोज ताजी करा, उरली तर टाकून द्या.

तिसरं, कणकेचा गोळा. मूल अजून सगळं तोंडात घालत असेल तर पोळीची साधी मळलेली कणीक द्यावी आणि काम झाल्यावर टाकावी. कच्ची कणीक पोटात जाऊ नये एवढं बघावं. अडीच वर्षांपुढच्या मुलाला टिकणारा गोळा करता येतो. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, आणि लागेल तसं वाटीभरापर्यंत पाणी. डब्यात घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर काही दिवस जातो. यात मीठ फार आहे, म्हणून चाटणाऱ्या मुलाला हा गोळा देऊ नका. थापणं, चिमटे काढणं, वाटीने ठसे उठवणं, छोट्या लाटण्याने लाटणं, यात अर्धा तास सहज जातो. तो सगळा बोटांचा व्यायाम.

चौथं, शिक्के. या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे, आयुष्यभर तेच केलं! भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. कांदा अर्धा केला की वर्तुळात वर्तुळं. बटाटा कापून आपण त्यावर चौकोन कोरून द्यावा. ताटलीत कापडाची घडी ठेवून त्यावर रंग ओतला की स्टॅम्पपॅड तयार. कापायचं काम आपलं, मारायचं काम त्यांचं.

पाचवं, रंग. वाटीभर पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लॉवर कालवून दाट शिजवायचं, गार करून तीन वाट्यांत वाटायचं. एकात हळद, एकात बिटाचा रस, एकात पालकाचा रस. झाले बोटांनी रंगवायचे रंग. हे रंग पक्के नाहीत, बीट काही दिवसांत तपकिरी होतं, पण आपल्याला काही ते फ्रेम करायचं नाही. हळदीचे डाग कपड्यावर पडले तर धुऊन कडक उन्हात टाका, उडतात.

यातच एक गंमत आहे. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवायचा. मग कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून त्यावर रेघ ओढायची. पिवळ्यावर लाल रेघ उमटते! बायकांना हे माहीत आहे, हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो तेच हे. बागेतल्या जास्वंदीची पाकळी कागदावर घासली तर निळसर जांभळा डाग पडतो, त्यावर लिंबू पिळलं की तो गुलाबी होतो. साबणाचं पाणी मात्र आपल्या हातात ठेवायचं. ही रेघ आपण ओढायची आणि मुलाने ‘आऽऽ’ करून बघायचं.

आणि आपले सण विसरू नका. सणांनी हे वेळापत्रक आधीच आखून ठेवलं आहे. दीप अमावास्येला कणकेचे दिवे, मुलाच्या अंगठ्याने गोळ्याला खळगा पाडला की दिवा झाला. पोळ्याला मातीचे बैल. गणपतीच्या आधी शाडूची माती आणावी, मुलाला एक गोळा द्यावा, त्याचा गणपती होवो किंवा उंदीर होवो. दिवाळीत किल्ल्याचा चिखल कालवायला सर्वांत धाकट्याला बसवावं. रांगोळीच्या भुकटीची धूळ नाकात जाते म्हणून तिच्याऐवजी ताटात तांदळाचं पीठ पसरून त्यात बोटाने रेघा ओढू द्याव्यात. आपल्याच ठाणे-पालघरकडची वारली चित्रं बघा, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले गोल, त्रिकोण आणि चौकोन. त्याच कलेला जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सांभाळायच्या गोष्टी

बँकेतला माणूस रिस्क सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. मणी, बटणं, हरभरे, शेंगदाणे, फुग्याचे तुकडे, थर्मोकोलच्या गोळ्या, यांतलं काहीही तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या पुढ्यात ठेवायचं नाही. घशात अडकतं. रिमोटची आणि घड्याळाची चपटी बटण बॅटरी तर घरात कुठे पडली आहे हे रोज बघायचं. ती गिळली तर आतून जखम होते, लगेच हॉस्पिटल गाठायचं. शेंदरात शिसं असू शकतं, त्यामुळे तो नको. होळीचे उरलेले रंगही नकोत. आणि मूल काम करत असताना आपण शेजारी बसायचं. ‘मी आतच आहे’ हे शेजारी बसणं नव्हे.

बोलण्याचीही काळजी घ्यावी. ‘हे काय काढलंस?’ असं विचारू नये. त्याने काहीच काढलेलं नसतं, हात फिरवलेला असतो. ‘केवढी लांब रेघ!’ एवढं म्हणावं. आपण त्याच्या हातात हात धरून हत्ती काढून देऊ नये. मग ते स्वतः काढतच नाही, ‘आबा, तू काढ’ म्हणतं. दहा-पंधरा मिनिटं झाली आणि मूल उठलं, तर उठू द्यावं. ते आपल्या वेळेवर पुन्हा येतं.

आवराआवरीचं म्हणाल, तर खाली जुनी चादर, अंगावर माझा जुना शर्ट उलटा, बटणं पाठीमागे. शेवटी तिच्या हातात ओलं फडकं. फरशी पुसणं हासुद्धा तिला खेळच वाटतो, आणि आपली कंबर वाचते.

मोबाइलचं काय?

हा प्रश्न येणारच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यानुसार एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन मुळीच दाखवू नये. दोन वर्षांपासून पुढे फार तर दिवसाला एक तास, आणि त्याहून कमी तर उत्तम. आपल्या घरोघरी एक जेवणच तासाभराचं असतं आणि समोर मोबाइल उभा असतो. मी कुणाला दोष देत नाही. सत्तरीतल्या माणसाला दोन वर्षांच्या मुलामागे धावणं झेपत नाही, आणि मोबाइल दिला की मूल जागेवर बसतं. पण कणकेचा गोळा दिला तरी ते जागेवर बसतं, हा माझा अनुभव आहे. नुसतं ‘मोबाइल नको’ म्हटलं की भांडण होतं. हातात दुसरं काही दिलं की बहुतेक वेळा होत नाही.

हात फक्त त्यांचाच नव्हे

आता एक गोष्ट सांगतो. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगतो आहे, नाव घेत नाही. आपल्या बी विंगमधल्या माझ्या एका स्नेह्यांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. फिजिओथेरपिस्टने रबरी चेंडू दिला, दिवसातून चार वेळा दाबा म्हणून. पाच मिनिटं झाली की ते चेंडू फेकून द्यायचे. म्हणायचे, ‘या वयात चेंडू दाबत बसू का?’ घरचे सांगून थकले.

मी एकदा नातीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. तिच्याबरोबर तिचा डबा होता. तिने डब्यातला अर्धा गोळा तोडला, त्यांच्या उजव्या हातात कोंबला आणि म्हणाली, ‘पोई कर.’ तिला काय कळतंय कुठला हात चालतो आणि कुठला नाही. त्यांनी डाव्या हाताने करायला घेतलं तर ती ऐकेना. तिने तो गोळा काढून पुन्हा उजव्या हातात दिला. त्या दिवशी ते पाऊण तास बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवतींचा मला फोन, ‘आज येताय ना?’

त्यानंतर आम्ही बरेच महिने आठवड्यातून तीनदा जात होतो. कणकेने अर्धांगवायू बरा होतो असं मी म्हणत नाही. डॉक्टर होते, औषधं होती, व्यायाम होता. पण व्यायामाला बसायचं कारण तिने दिलं. या फेब्रुवारीत त्यांनी उजव्या हाताने सही केली. सही वेडीवाकडी आहे, मी बँकेत असतो तर जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून चेक परत केला असता. पण बँकेत नवीन नमुना सही देता येते, तशी त्यांनी दिली. फॉर्म भरायला मी बरोबर गेलो होतो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हजारो सह्या तपासल्या. ही एक बघताना चश्मा पुसावा लागला.

म्हणून माझी विनंती आहे, की नऊ घरांतल्या आजी-आजोबांनी आपापल्या घरात एकेकटं बसू नये. दुपारी चार ते पाच हा हॉल रिकामा असतो. एक सतरंजी, एक गोळा, जुनी कॅलेंडरं. मुलं आपापलं करतील, आणि आपल्यालाही चार माणसं भेटतील.

भिंतीबद्दल

शेवटचा मुद्दा. गेल्या महिन्यात नोटीस बोर्डावर सूचना लागली, की जिन्यातल्या भिंतींवर मुलांच्या रेघोट्या आढळल्या तर रंगाचा खर्च संबंधित सभासदाकडून वसूल केला जाईल. कमिटीचं म्हणणं मला समजतं. गेल्याच वर्षी आपण रंगाला मोठी रक्कम मोजली आहे, आणि ती सर्वांच्या मेंटेनन्समधून गेली. जिना स्वच्छ राहिलाच पाहिजे.

पण मुलाला भिंत का आवडते तेही समजून घेऊ. उभ्या भिंतीवर त्याला खांद्यापासून पूर्ण हात फिरवता येतो. त्या वयात त्याचा हात तसाच चालतो. ती त्याची खोडी नाही, गरज आहे. त्याला एक भिंत हक्काची दिली, तर बाकीच्या भिंतींपासून त्याला लांब ठेवणं आपल्याला सोपं जाईल. ‘इथे नाही’ म्हणताना ‘तिथे चल’ असं म्हणता आलं पाहिजे.

तेव्हा सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत मी असा ठराव देणार आहे. बागेतल्या बाकामागची कंपाउंडची भिंत जमिनीपासून तीन फूट उंच आणि दहा फूट लांब अशी फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवावी. तिथे फक्त खडू चालेल. दर रविवारी सकाळी ती भिंत आम्ही आजोबा मंडळी पाण्याने धुऊ, वॉचमनवर काम टाकणार नाही. खडूंचा खर्च माझ्याकडे. जिन्यातल्या भिंतींबद्दलची सूचना आहे तशी राहू द्यावी.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा या बागेत नुसता मुरूम होता, आणि आपली मुलं त्या मुरमात खेळून मोठी झाली. आता बाग झाली, फरशी झाली, लॉनवर ‘चालू नये’ची पाटी झाली. त्यात लहान मुलांच्या वाट्याला तीस चौरस फूट मागतो आहे. ठरावाला अनुमोदक हवा आहे. चहाच्या वेळी मी दाराजवळच उभा असेन, इच्छुकांनी भेटावं.